‘चपळ’ कार्यपद्धती आणि व्यवस्थापकाची कसोटी

भोपाळ शहराच्या पूर्वभागात, पिपलानी-गोविंदपुऱ्याच्या परिसरात, अवजड विद्युत-यंत्रांचा एक विस्तीर्ण कारखाना उभा आहे. हेवी इलेक्ट्रिकल्स या नावाने १९५६ साली त्या उद्योगाची स्थापना झाली आणि १९७४ मध्ये तो भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या संस्थेत विलीन झाला. जलविद्युत-केंद्रांची टर्बाइने, ट्रान्सफॉर्मर, रेल्वे-इंजिनांच्या मोटारी अशी यंत्रसामग्री तेथे तयार होते. अशा कामाची शिस्त ठरलेली असते. आधी गणित, मग आराखडा, मग साचा, मग ओतकाम आणि शेवटी जुळणी. पोलादाचा भाग एकदा ओतला गेला म्हणजे ‘याची वक्रता थोडी निराळी हवी होती’ असे म्हणून चालत नाही. म्हणून विचार आधी पुरा करावयाचा आणि काम मागाहून आरंभावयाचे, हेच तेथे शहाणपणाचे ठरते.

त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भोपाळ ही नव्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तेथील सचिवालयातून कितीतरी मराठी कुटुंबे भोपाळला येऊन स्थायिक झाली, ग्वाल्हेर-इंदूरकडूनही आली. या कचेऱ्यांचीही आपली एक शिस्त होती : आधी टिपणी, मग शेरा, मग मंजुरी आणि त्यानंतर अंमल. ठरलेल्या गोष्टीत मध्येच बदल करणे म्हणजे फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर नेणे. कारखाना असो वा कचेरी, दोहोंचा मंत्र एकच : एकदा नीट ठरवावे आणि मग ढळू नये.

या शिस्तीत वाढलेल्या शहरात आता तिसऱ्याच प्रकारचे एक काम मोठ्या प्रमाणावर चालू आहे. ते काम म्हणजे सॉफ्टवेअरची, अर्थात् संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावलींची निर्मिती. मध्य प्रदेश शासन आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या भागीदारीतून २००६ मध्ये ‘एम. पी. ऑनलाइन’ ही संस्था निघाली. २०१० साली त्या राज्याने लोकसेवा हमीचा कायदा केला. अशा स्वरूपाचा तो देशातील पहिलाच कायदा. महाराष्ट्राने तसा कायदा २०१५ मध्ये केला. मध्य प्रदेशाच्या कायद्याने ठराविक दाखले व सेवा ठराविक दिवसांत देण्याचे बंधन घातले आणि विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये, इतका दंड ठेवला. कायद्याने मुदत घातली खरी. परंतु अर्ज संगणकावरून जावयाचा म्हटल्यावर ती मुदत पाळणे हे पुष्कळ अंशी आज्ञावलीच्या गुणावर अवलंबून राहते. निवृत्तिवेतनासाठी खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या विधवेला आज्ञावली म्हणजे काय हे ठाऊक नसते. पडद्यावर तिचे नाव उमटत नाही आणि तिला परत जावे लागते, एवढेच तिला समजते. तेव्हा हे सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीने घडते, हा प्रश्न केवळ त्या धंद्यातील मंडळींपुरता राहत नाही.

आरंभी सॉफ्टवेअरही टर्बाइनच्याच पद्धतीने घडवावे असे सर्वांना वाटले. सर्व अपेक्षा प्रथम लिहून काढावयाच्या, मग रचना, मग लेखन, मग चाचणी आणि अखेरीस हवाली करणे. पाणी जसे एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडते व परत वर चढत नाही, तसा हा क्रम. म्हणून त्याला पुढे ‘धबधबा’ पद्धती असे नाव पडले. तथापि या पद्धतीच्या अडचणी लवकरच जाणवू लागल्या. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत मोठमोठी संगणक-कामे मुदतीबाहेर व खर्चाबाहेर का जातात याची उघड चर्चा झाली. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने एका निबंधात या पायऱ्यांची आकृती काढली. त्या आकृतीचा आधार घेऊन पुढे अनेकांनी धबधब्याचा पुरस्कार केला. गमतीची गोष्ट ही की, चाचणी शेवटी ठेवणारी ही सरळ पायऱ्यांची रचना धोक्याची आहे, असे स्वतः रॉइसनेच त्या निबंधात सांगितले होते. आकृती लक्षात राहिली, इशारा विसरला गेला.

धबधबा येथे का फसतो? कारण टर्बाइनच्या बाबतीत काय हवे हे बहुतांशी आधी सांगता येते. पाण्याची उंची, प्रवाह आणि हवी असलेली वीज ही सारी मोजता येतात. परंतु एखाद्या कचेरीला नेमके कसले सॉफ्टवेअर हवे आहे, हे त्या कचेरीलाही वापरून पाहिल्यावाचून कळत नाही. कागदावर वाचताना ठीक वाटलेला अर्ज खिडकीवरच्या कारकुनाच्या हाती गेला म्हणजे त्यात वडिलांच्या नावासाठी जागा आहे पण पतीच्या नावासाठी नाही, हे ध्यानात येते. दुसरे असे की, लोखंडापेक्षा आज्ञावली बदलणे सोपे असते; परंतु ते लवकर बदलले तरच. दोन आठवड्यांनी सापडलेली चूक एका दुपारी दुरुस्त होते. दोन वर्षांनी सापडलेली चूक तोवर शंभर ठिकाणी मुळे रोवून बसलेली असते. म्हणून पाडाला आलेला एकेक आंबा चाखून पाहावा, सगळी आढी एकदम उघडण्याची वाट पाहू नये, असा विचार पुढे आला.

या विचाराचे एक मूळ जपानात सापडते. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन अभ्यासकांनी होंडा, कॅनन यांसारख्या कारखान्यांतील नव्या वस्तूंच्या निर्मितीचा अभ्यास मांडला. एका खात्याने काम संपवून दुसऱ्याच्या हाती देण्याऐवजी सर्व खात्यांची माणसे एकाच चमूत बसतात आणि रग्बीच्या खेळाडूंप्रमाणे चेंडू एकमेकांकडे देत सारे मिळून पुढे सरकतात, असे त्यांनी दाखविले. त्याच खेळातील ‘स्क्रम’ हा शब्द घेऊन जेफ सदरलंड आणि केन श्वाबर यांनी १९९५ मध्ये सॉफ्टवेअरसाठी एक कार्यपद्धती जाहीर केली. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील उटा राज्यात स्नोबर्ड या डोंगराळ ठिकाणी १७ जाणकार एकत्र आले आणि त्यांनी चार मूल्ये व बारा तत्त्वे असलेला एक छोटा जाहीरनामा काढला. या विचारसरणीला त्यांनी ‘अ‍ॅजाइल’ म्हणजे ‘चपळ’ असे नाव दिले. नियम व साधने यांहून माणसे आणि त्यांचा परस्पर संवाद मोठा. जाडजूड दस्तऐवजांहून प्रत्यक्ष चालणारे सॉफ्टवेअर मोठे. कराराच्या घासाघिशीहून ग्राहकाचे सहकार्य मोठे. आणि ठरीव योजनेला चिकटण्याहून बदलाला सामोरे जाणे मोठे, असा त्या मूल्यांचा मथितार्थ होय. योजना किंवा दस्तऐवज नकोतच, असे तो जाहीरनामा मुळीच म्हणत नाही. महत्त्व कशाला अधिक, एवढेच तो सांगतो. ‘चपळ’ म्हणजे उतावीळ, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

या पद्धतीची प्रत्यक्ष रीत एका काल्पनिक उदाहरणावरून सहज समजेल. समजा, एखाद्या चमूकडे उत्पन्नाच्या दाखल्याची सोय संगणकावर करण्याचे काम आले. चमू लहान, दहांच्या आत. आज्ञावली लिहिणारे, ती तपासणारे आणि पडद्याची मांडणी करणारे असे सर्व त्याच चमूत. कामाची एक क्रमवार यादी केली जाते. यादीत सर्वांत वर कोणते काम असावे हे ठरविण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला दिलेला असतो. तिला ‘प्रॉडक्ट ओनर’ म्हणतात. चमू दोन आठवड्यांचा एक टप्पा घेतो. पहिल्या टप्प्यात एकाच तहसिलीतला एकच साधा अर्ज आरंभापासून अखेरपर्यंत जाईल, एवढेच करावयाचे. रोज सकाळी पंधरा मिनिटांची बैठक भरते. काल काय झाले, आज काय करावयाचे आणि अडले कोठे, हे चमूतील माणसे एकमेकांस सांगतात. टप्प्याच्या शेवटी चालणारी वस्तू तहसिलीतील कारकुनापुढे ठेवली जाते. तो म्हणतो, ‘अर्जदाराला मोबाइलवर संदेश गेला नाही तर तो रोज चकरा मारील.’ हे यादीत नव्हते. ते आता यादीत, आणि तेही वर, जाते. शेवटी चमू स्वतःच्याच कामाचा आढावा घेतो आणि पुढील टप्प्यात एखादी गोष्ट सुधारण्याचे ठरवितो. असे टप्प्यामागून टप्पे जातात. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस काहीतरी चालते असे हाती असते, हे या पद्धतीचे मर्म होय.

अर्थात्, यासाठी कारागिरीची एक कडक शिस्त पाळावी लागते. दर दोन आठवड्यांनी आज्ञावलीत भर पडावयाची तर कालपर्यंत चालत असलेले आज मोडले नाही ना, हे रोज तपासले पाहिजे. माणसाने हाताने ते तपासणे अशक्य असल्यामुळे तपासणी करणाऱ्या आज्ञावली लिहून ठेवाव्या लागतात. केंट बेक याने १९९६ पासून क्रायस्लर या मोटार कंपनीच्या वेतनपत्रकाच्या कामावर जी पद्धती बसविली, तिच्यात आधी चाचणी लिहावी आणि मग आज्ञावली, असा नियमच होता. रोजची बैठक भरवावयाची आणि तपासणीचा हा पाया मात्र घालावयाचा नाही, असे ज्या संस्थांत होते, तेथे चार-सहा महिन्यांत काम पुन्हा अडखळू लागते. आधी कळस, मग पाया अशी ती स्थिती असते.

पद्धती बदलल्याने किती फरक पडतो याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेच्या एफ. बी. आय. या तपास-संस्थेचे आहे. गुन्ह्यांच्या कागदी फायली संगणकावर आणण्यासाठी तिने काम सुरू केले आणि सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये ते सोडून दिले. २००६ मध्ये ‘सेंटिनेल’ या नावाने नवे काम एका मोठ्या कंपनीकडे दिले, तेही रखडले. २०१० मध्ये संस्थेने काम स्वतःच्या हाती घेतले, माणसांची संख्या पुष्कळ कमी केली आणि दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांनी पुढे जाण्याचे ठरविले. जुलै २०१२ मध्ये ती व्यवस्था सर्वत्र वापरात आली. एखाद्या रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातल्याने ते अधिकच रखडते, असे फ्रेडरिक ब्रूक्स याने १९७५ मध्ये आपल्या ग्रंथात सांगून ठेवले होते. नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्या माणसाचे दिवस जातात, हे त्याचे साधे कारण.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. भोपाळपासून काही तासांच्या अंतरावर, पवारांच्या जुन्या धार संस्थानच्या मुलखात, जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ नावाचा उपक्रम सुरू झाला. सुमारे वीस गावांतून माहिती-केंद्रे उघडली. खर्चाचा मुख्य भार पंचायतींनी उचलला आणि केंद्र चालविण्यास गावातीलच शिकलेला तरुण ‘सूचक’ म्हणून बसविला. बाजार-समितीतील भाव, जमिनीच्या नोंदीचा उतारा, जातीचा दाखला, बंद पडलेल्या हातपंपाची तक्रार, अशा गावकऱ्यांच्या रोजच्या गरजेच्या मोजक्या सेवांनी आरंभ झाला आणि पुढे त्यांत भर पडत गेली. त्याच वर्षी या उपक्रमाला स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार लाभला. जाहीरनामा निघण्यापूर्वीच्या या उपक्रमाला कोणी ‘चपळ’ म्हटले नव्हते. परंतु लहान आरंभ, वापरणाऱ्याचे सान्निध्य आणि अनुभवानुसार भर ही तिन्ही लक्षणे त्यात होती. विजेच्या व दूरध्वनीच्या तारांच्या अडचणींनी पुढे ज्ञानदूताची गती मंदावली. लहान आरंभ चांगला झाला, तरी त्याच्या पाठीशी टिकाऊ व्यवस्था लागतेच, हाही धडा त्यातून मिळतो.

इतके सारे स्पष्ट असताना संस्थांना ही पद्धती अंगी बाणविणे जड का जाते? टाटा कन्सल्टन्सीसारख्या प्रचंड कंपनीनेही सर्व संस्था या पद्धतीकडे वळविण्यासाठी २०२० हे वर्ष उद्दिष्ट म्हणून जाहीर केले होते; म्हणजे काही वर्षांचे काम तिने गृहीत धरले होते. चमूतील तरुण माणसे नवी रीत थोड्याच दिवसांत शिकतात. खरी अडचण येते ती मधल्या व्यवस्थापकाची. आणि त्यात त्याचा दोष थोडा असतो. ज्या गुणांमुळे त्याला बढती मिळाली, तेच गुण आता बाजूस ठेवा असे त्याला सांगितले जाते. कोणी काय करावे हे तो वाटून देत असे. आता चमू आपसांत वाटून घेतो. तो अहवाल मागवीत असे. आता चालणारी वस्तू समोर येते आणि अहवालात लपणारे तिच्यात लपत नाही. तो प्रत्येकाचे काम वेगवेगळे मोजीत असे. आता यश वा अपयश साऱ्या चमूचे. मग व्यवस्थापकाने करावयाचे तरी काय, असा रास्त प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर न देता त्याच्यावर नवी पद्धती लादली, तर तो तोंडाने हो म्हणतो आणि हाताने जुनेच चालवितो. रोजच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीत तो मधोमध उभा राहतो आणि प्रत्येकाची झडती घेतो. टप्प्याला नाव नवे मिळते, पण त्याच्या शेवटी दाखविण्यासारखे काहीच नसते. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण अशा कचेऱ्यांसाठीच जणू आहे.

वस्तुतः व्यवस्थापकाचे काम नाहीसे होत नाही. ते बदलते, आणि बदललेले काम अधिक कठीण असते. चमूच्या वाटेतील अडथळे दूर करणे हे त्यातले पहिले. संगणकाला परवानगी मिळत नाही, दुसऱ्या खात्याची माहिती येत नाही, निर्णय देणारा अधिकारी दौऱ्यावर आहे, असे अडथळे चमूला स्वतः हटविता येत नाहीत. दुसरे काम चमूला मध्येच ओढले जाण्यापासून वाचविण्याचे. वरून ‘हे आजच हवे’ असा निरोप दिवसाकाठी चारदा येऊ लागला, तर दोन आठवड्यांच्या टप्प्याला अर्थ उरत नाही. तिसरे काम सर्वांत अवघड आहे : वाईट बातमी ऐकून घेणे, तीही वेळेवर आणि न रागावता. चमूने पहिल्यांदाच ‘हे या टप्प्यात होणार नाही’ असे प्रामाणिकपणे सांगितले, त्या दिवशी व्यवस्थापकाच्या चेहऱ्यावर काय उमटते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. कपाळाला आठी पडली, तर दुसऱ्या टप्प्यापासून सर्व कामे कागदोपत्री वेळेवर होऊ लागतात.

वाईट बातमी वर न पोहोचणे किंवा पोहोचूनही तिची दखल न घेतली जाणे याची किंमत काय असते, हे भोपाळला सांगावयास नको. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्यापूर्वी, मे १९८२ मध्ये, अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच तज्ज्ञांनी कारखान्यातील सुरक्षेच्या उणिवा नोंदविल्या होत्या. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने त्याच वर्षापासून लेख लिहून शहराला सावध केले होते. तरीही जून १९८४ पासून वायूच्या टाक्यांची शीतकरण-यंत्रणा बंदच होती. त्या संहाराची तुलना सॉफ्टवेअरच्या कामाशी करणे अनुचित होईल. परंतु ज्याच्या नजरेला धोका दिसतो त्याचा शब्द, ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्या कृतीपर्यंत पोहोचला पाहिजे, हा नियम कारखाना, इस्पितळ आणि कचेरी या सर्वांना सारखाच लागू आहे. जपानच्या टोयोटा कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असे. दोष दिसताच त्याने ती ओढावी, वरिष्ठाने धावून यावे आणि गरज पडल्यास जुळणीची सारी रांग थांबवावी, अशी तेथे रीत होती. दोरी स्वस्त असते. ती ओढणाऱ्यावर कोणी डोळे वटारणार नाही ही खात्री मात्र वर्षानुवर्षे कमवावी लागते.

ही खात्री कमविणे भारतात जमत नाही, असे म्हणावयासही आधार नाही. कामगारांनी लहान गट करून आपल्या कामातील दोष स्वतः शोधावेत व उपाय सुचवावेत, ही ‘गुणवत्ता-मंडळां’ची कल्पना जपानात १९६२ मध्ये रूढ झाली. भारतात ती १९८० साली प्रथम रुजविली ती भारत हेवी इलेक्ट्रिकल्सनेच, आपल्या हैदराबाद येथील कारखान्यात. म्हणजे ज्या उद्योगाची शिस्त आराखड्याबरहुकूम चालण्याची, त्याच उद्योगाने कामगाराच्या अनुभवालाही अधिकृत स्थान दिले. आराखडा आणि अनुभव हे एकमेकांचे शत्रू नाहीत, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

मग संक्रमणाच्या या काळात चमूला आणि व्यवस्थापकाला साह्य कसे करावे? या कामासाठी अनेक संस्था एक अनुभवी मार्गदर्शक नेमतात; धंद्यात त्याला ‘कोच’ म्हणतात. दोन दिवसांचा वर्ग भरवून आणि प्रशस्तिपत्रे वाटून तो परतला, तर नव्याचे नऊ दिवस संपताच सारे पूर्ववत होते. म्हणून त्याने काही महिने चमूच्या शेजारी बसावे. एकदम साऱ्या कचेरीला हात न घालता एकच चमू आणि एकच खरे, पण फार नाजूक नव्हे असे, काम निवडावे. आरंभ व्यवस्थापकापासून करावा. त्याच्या मनातील भीती त्याच्याकडूनच ऐकावी आणि त्याचे नवे काम त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. बैठकीत आपण कमी बोलावे, चमूला अधिक बोलू द्यावे. आपल्यावाचून चमूचे काही अडत नाही असा दिवस येणे, हीच त्याच्या यशाची खूण.

सरकारी कामात आणखी एक गाठ सोडवावी लागते. ती निविदेची. रूढ निविदेत सर्व अपेक्षांचा एक ग्रंथ आधी मंजूर होतो, पैशाचा एक हप्ता त्या ग्रंथावरच दिला जातो, आणि पुढे त्यात बदल करावयाचा म्हणजे नवा खर्च व नवी मंजुरी. अशा कराराच्या चौकटीत चमूने कितीही चपळाई दाखविली, तरी पाय बांधलेल्या घोड्याची ती दौड. यावर उपाय आहे. काम लहान तुकड्यांत विभागावे, वापरून पाहिलेल्या व मान्य झालेल्या तुकड्यावरच हप्ता द्यावा, यादीचा क्रम बदलण्याची मुभा करारातच ठेवावी, आणि खात्याचा एक जबाबदार अधिकारी निर्णयाच्या अधिकारासह चमूबरोबर बसवावा. खर्चाची मर्यादा कायम ठेवूनही हे करता येते. आणि जनतेचा पैसा संपूर्ण बुडण्यापूर्वीच चूक ध्यानात येते, हा त्यातला मोठा लाभ.

मोजमापाच्या बाबतीतही सावध असावे. एका टप्प्यात चमूचे किती काम होते याचा आकडा पुढच्या टप्प्याचा अंदाज बांधण्यापुरता उपयोगी पडतो. त्या आकड्यावरून दोन चमूंची तुलना किंवा कोणाची बढती ठरू लागली, की आकडा फुगतो आणि काम तेवढेच राहते. त्यापेक्षा दाखला किती दिवसांत मिळाला, किती अर्ज त्रुटीसाठी परत गेले, चकरा किती कमी झाल्या, हे मोजणे हितावह. आणि प्रत्येक ठिकाणी हीच पद्धती हवी असा आग्रहही नसावा. जेथे गरज स्थिर व पूर्ण माहीत आहे, जेथे एकदा केलेले बदलता येत नाही, तेथे जुना क्रमच बरा. पिपलानीत टर्बाइन आराखड्यावरूनच घडले पाहिजे. प्रश्न एवढाच की, आज्ञावलीला टर्बाइन समजून तिच्यावर पोलादाचे नियम लादू नयेत.

कोणतीही कार्यपद्धती अखेर माणसांच्या परस्पर विश्वासावर उभी असते. तक्ते, चिठ्ठ्या, टप्पे आणि बैठका ही त्या विश्वासाची साधने आहेत. ती विकत आणता येतात, विश्वास विकत आणता येत नाही. कनिष्ठाने खरे सांगावे आणि वरिष्ठाने ते ऐकून त्याप्रमाणे वागावे, एवढी साधी गोष्ट ज्या कचेरीत रोज घडते, तेथे पद्धतीचे नाव काहीही असो, काम सुधारत जाते. आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या स्त्रीला दुसरी चकर मारावी लागत नाही.